रिपोर्टमध्ये 'ग्लट-१ पॉझिटिव्ह' आलंय, आईचा चहा बंद करायचा का?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्या ताईंच्या आई ६१ वर्षांच्या आहेत. उजव्या कानाखालच्या पॅरोटिड या लाळग्रंथीतली गाठ सहा आठवड्यांपूर्वी काढली. रिपोर्टमध्ये अ‍ॅडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमा (लाळग्रंथीचा एक कॅन्सर), रचना चाळणीसारखी आणि नळ्यांसारखी, भरीव भाग सुमारे १० टक्के, मज्जातंतूभोवती शिरकाव आहे, एका बाजूचं मार्जिन (कॅन्सरपासून कापलेल्या कडेपर्यंतचं अंतर) १ मिलिमीटर. अगदी शेवटच्या ओळीत 'ग्लट-१: फोकल (म्हणजे काही ठिकाणीच) पॉझिटिव्ह'. ऑपरेशनआधीच्या पेट स्कॅनमध्ये गाठ फारशी उजळली नव्हती. घरच्यांनी 'ग्लट' शब्द नेटवर शोधला, 'कॅन्सर साखर खातो' असं वाचलं आणि भावाने आईंची साखर, भात, फळं सगळं बंद केलं. दीड महिन्यात वजन ५ किलो उतरलं. पुढच्या आठवड्यात रेडिएशन सुरू व्हायचंय. त्यांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत: ग्लट म्हणजे काय, तो असणं वाईट का, आणि साखर बंद ठेवायची का.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्याला उशीर परवडणार नाही. ताई, आईंना आज रात्रीपासून नीट जेवू घाला. गुरगुट्या भात, तूप, मेतकूट, अंडं चालत असेल तर अंडं, डाळ, दही, केळं, जे जाईल ते. चहात साखर हवी असेल तर साखर. मधुमेह असेल तर मात्र तो औषधांनी आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने आटोक्यात ठेवायचा. रेडिएशन (आपल्याकडे 'लाइट' किंवा 'शेक' म्हणतात ते) सुरू झालं की तोंड कोरडं पडतं, चव जाते, गिळताना दुखतं. ५ किलो घालवून त्याला सामोरं जाणं म्हणजे घाट चढायच्या आधीच गाडीतलं डिझेल काढून टाकण्यासारखं. आता मागचं शास्त्र सांगतो, म्हणजे भावालाही पटवता येईल.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. पेशंट मला क्वचित दिसतात, त्यांच्या गाठी रोज दिसतात. काढलेली गाठ फॉर्मॅलिनमध्ये मुरते, मेणाच्या ब्लॉकमध्ये बसते, तिचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काचेवर येतात. नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगात गाठीचा प्रकार कळतो. त्यानंतर गरज पडली तर आयएचसी ही टेस्ट. यात एका ठरावीक प्रथिनाला चिकटणारी अँटिबॉडी कापावर सोडतात. ते प्रथिन असेल तिथे तपकिरी रंग उमटतो, नसेल तिथे निळसर राहतो. 'पॉझिटिव्ह' म्हणजे एवढंच, की तपकिरी रंग दिसला. हा शब्द कोविडने आपल्या मनात वाईट बसवलाय, पण इथे त्यात चांगलं-वाईट काही नसतं.

ग्लट-१ हे ग्लुकोज आत घेणारं दार आहे. पेशीच्या आवरणात बसलेलं हे प्रथिन रक्तातली साखर आत सोडतं. हे कॅन्सरचं प्रथिन नव्हेच. तुमच्या-माझ्या प्रत्येक लाल रक्तपेशीवर ते भरपूर असतं, कारण लाल पेशीत मायटोकाँड्रिया (पेशीतली ऊर्जाकेंद्रं) नसतात आणि तिला निव्वळ ग्लुकोजवर जगायचं असतं. मेंदूच्या केशवाहिन्यांवर असतं, गर्भवतीच्या वारेत असतं. लहान बाळांच्या गालावर किंवा पॅरोटिडमध्येच जो लाल रक्तवाहिन्यांचा गोळा येतो आणि बहुतेकदा वयाबरोबर आपोआप ओसरतो, तो हेमँजिओमाही ग्लट-१ला ठसठशीत पॉझिटिव्ह असतो. आम्ही तो ओळखायला हीच टेस्ट वापरतो. म्हणजे त्याच ग्रंथीत, त्याच टेस्टला पॉझिटिव्ह येणारी एक गाठ अशी आहे की जिच्यात कॅन्सरचा लवलेशही नाही.

मग कॅन्सरशी त्याचा संबंध कसा आला? १९२०च्या दशकात ऑटो वारबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने पाहिलं की गाठीच्या पेशी प्राणवायू हाताशी असतानाही ग्लुकोज अर्धवट जाळतात आणि लॅक्टिक अ‍ॅसिड बाहेर टाकतात. हिशेबाने हा तोट्याचा धंदा. एका ग्लुकोजमधून या मार्गाने एटीपीचे (पेशीच्या ऊर्जेच्या चलनाचे) दोन रेणू सुटतात, पूर्ण जाळलं तर तीसच्या आसपास. वारबुर्गला १९३१मध्ये नोबेल मिळालं ते श्वसनाच्या एन्झाइमवरच्या कामासाठी. कॅन्सरबद्दलचा त्याचा निष्कर्ष, की पेशीतले मायटोकाँड्रिया बिघडलेले असतात, पुढे बहुतांश गाठींत चुकीचा निघाला. मायटोकाँड्रिया बहुधा चालू असतात. पेशीला वाढताना नुसतं इंधन लागत नाही, विटा-सिमेंटही लागतं: डीएनएसाठी साखरेचे तुकडे, पेशीच्या आवरणासाठी चरबी, एन्झाइमना लागणारं एनएडीपीएच. ग्लुकोज अर्ध्या वाटेवर थांबवलं की त्याच्या कार्बनमधून हे सगळं बांधता येतं. म्हणून घाईने वाढणारी पेशी दारं वाढवते (ग्लट-१), आत आलेल्या ग्लुकोजला लगेच फॉस्फेट लावून अडकवते (हेक्सोकायनेज-२), आणि साचलेलं लॅक्टेट बाहेर फेकायला दुसरं दार ठेवते (एमसीटी-४). तिच्या भोवतीचा परिसर आंबट होतो तो यामुळे, आणि कार्बोनिक अनहायड्रेज-९ नावाचं एन्झाइम तो आंबटपणा बाहेरच ठेवून पेशीचा आतला पीएच सांभाळतं.

अल्कलाइन पाण्याच्या बाटल्या विकणाऱ्यांनी इथूनच अर्धी गोष्ट उचलली आहे. गाठीभोवतीचा आंबटपणा गाठ स्वतः तयार करते. तुम्ही प्यायलेलं पाणी आधी जठरातल्या आम्लात जातं, आणि रक्ताचा पीएच फुप्फुसं आणि मूत्रपिंडं ठरवतात. त्या बाटलीच्या पैशात आईंना महिनाभर पनीर येईल.

आता लाळग्रंथींकडे वळू, कारण इथे गोष्ट थोडी वेगळी आहे आणि मला यातच खरा रस आहे. लाळग्रंथी मुळातच कष्टाळू अवयव. दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ त्या बनवतात. तिच्यातलं मीठ परत शोषून घ्यायचं काम ज्या नळ्या करतात, त्यांना 'रेषाळ नळ्या' म्हणतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या पेशींच्या तळाशी ज्या उभ्या रेषा दिसतात त्या म्हणजे ओळीने उभे असलेले मायटोकाँड्रिया. चयापचयाची अशी भट्टी जिथे निरोगी अवस्थेतच पेटलेली असते, तिथे गाठ आल्यावर 'चयापचय वाढला' हे वाक्य जपून बोलावं लागतं.

पॅरोटिडमध्ये वॉर्थिन ट्यूमर नावाची एक निरुपद्रवी गाठ येते, बहुतेकदा सिगारेट ओढणाऱ्यांना. तिच्या पेशी मायटोकाँड्रियाने गच्च भरलेल्या असतात. पेट स्कॅनमध्ये ती अशी झगझगते की दुसऱ्याच कॅन्सरसाठी स्कॅन केलेल्या पेशंटच्या घरी रडारड होते. सुई टाकून पाहिलं की वॉर्थिन निघतो. उलट, तुमच्या आईंचा अ‍ॅडिनॉइड सिस्टिक हा पक्का कॅन्सर असूनही पेटवर बऱ्याचदा मंद दिसतो. पेटमध्ये देतात ते एफडीजी म्हणजे किरणोत्सारी फ्लोरिन लावलेलं ग्लुकोज. ते ग्लटच्याच दारातून आत जातं आणि हेक्सोकायनेजमुळे आत अडकतं. हळू वाढणाऱ्या, पेशी विरळ आणि मधे जेलीसारखा पदार्थ जास्त असलेल्या गाठीत फारसं काही अडकत नाही. म्हणून 'पेटवर उजळली नाही म्हणजे कॅन्सर सौम्य' असा अर्थ काढू नका. या आजाराची फुप्फुसातली पिल्लं (तिथे पसरलेल्या छोट्या गाठी) अनेकदा काही मिलिमीटरची असतात आणि पेटमध्ये निसटतात. छातीचा साधा पातळ कापांचा सीटी झालाय का, ते डॉक्टरांना विचारा. नसेल तर करून घ्या, आणि पुढेही वर्षानुवर्षं करत राहावा लागेल. हा आजार दहा-पंधरा वर्षांनीही डोकं वर काढतो.

एक गंमत अशी की या गाठीसाठी आता पीएसएमए नावाचं वेगळं पेट स्कॅन काही ठिकाणी वापरतात. पीएसएमए प्रोस्टेटच्या नावाने ओळखलं जातं खरं, पण ते मुळात एक एन्झाइम आहे आणि निरोगी लाळग्रंथीतही भरपूर रंगतं. अ‍ॅडिनॉइड सिस्टिकच्या बऱ्याच गाठींत ते असतं. हे तुम्ही लगेच करून घ्यावं असं मी म्हणत नाही. साखरेच्या दारावर गाठ मंद दिसली म्हणून ती सगळ्याच दारांवर मंद असेल असं नाही, एवढ्यासाठी सांगितलं.

आता तुमच्या रिपोर्टमधल्या 'फोकल' या शब्दाकडे या. ग्लट-१चा रंग कसा पसरलाय, यावर मी 'पॉझिटिव्ह' शब्दापेक्षा जास्त वेळ घालवतो. रक्तवाहिनीतून प्राणवायू पेशींमधून साधारण १०० ते १५० मायक्रॉनपर्यंत पोचतो. डोक्याचे दोन केस शेजारी ठेवले तर होईल तेवढं अंतर. त्यापलीकडच्या पेशी गुदमरतात. गुदमरलेल्या पेशीत एचआयएफ-१ नावाचं प्रथिन साचतं. एरवी प्राणवायू असला की ते काही मिनिटांत मोडीत काढलं जातं. ही यंत्रणा उलगडल्याबद्दल केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेंझा यांना २०१९चं नोबेल मिळालं. एचआयएफ साचलं की ते ग्लट-१चं उत्पादन वाढवतं. स्लाइडवर हे चित्र फार सुंदर दिसतं: मधे रक्तवाहिनी, तिच्याभोवती फिकट पेशी, आणि दूर जाऊ तशी तपकिरी छटा गडद होत शेवटी मेलेल्या भागाच्या काठावर काळपट पट्टा. असा पट्टा दिसला तर ती गाठीची उपासमार आहे. याउलट सगळ्या गाठीत, रक्तवाहिनीला चिकटलेल्या पेशींवरसुद्धा, सरसकट गडद रंग असेल तर पेशीच्या आतलं स्विचच दाबलं गेलंय असा संशय येतो. पेशीला वाढीचा संदेश देणारी पीआय-३ कायनेजची साखळी त्यातली एक. सॅलिव्हरी डक्ट कार्सिनोमा या लाळग्रंथीच्या आक्रमक कॅन्सरात असं चित्र अपेक्षित असतं. तुमच्या आईंच्या गाठीत भरीव भाग फक्त १० टक्के आणि रंग फोकल. दोन्ही एकमेकांशी जुळतात.

रंगाच्या बाबतीत मी स्वतः फसलोय, तेही सांगतो. निवासी डॉक्टर असताना अशाच एका अ‍ॅडिनॉइड सिस्टिकवर मी मोठ्या उत्साहाने लिहिलं की मज्जातंतूभोवतीच्या कॅन्सर पेशींमध्ये ग्लट-१ ठळक आहे, म्हणजे या पेशी तिथे जास्त आक्रमक होतात. आमच्या मॅडमनी स्लाइड एकदा पाहिली आणि विचारलं, "ती कडी कुणाची आहे?" मज्जातंतूभोवती पेरिन्यूरियम नावाचं एक पातळ वेष्टण असतं आणि ते निरोगी माणसातही ग्लट-१ पॉझिटिव्ह असतं. मी ज्याला कॅन्सर म्हणत होतो ते तंतूचं स्वतःचं कातडं होतं. कॅन्सर कडीच्या आत बसला होता, फिकट. त्या दिवसापासून मी ही स्लाइड एस-१०० (मज्जातंतू दाखवणारा रंग) आणि साध्या रंगाच्या स्लाइडला शेजारी ठेवल्याशिवाय वाचत नाही. अ‍ॅडिनॉइड सिस्टिक तंतूंच्या वाटेने सरकणारा आजार असल्याने यात नेमकी हीच चूक होण्याचा धोका जास्त.

दुसरी फसगत फॉर्मॅलिनची. एका छोट्या हॉस्पिटलातून गाठ शनिवारी काढून फॉर्मॅलिनऐवजी सलाइनमध्ये ठेवून सोमवारी आमच्याकडे आली होती. ग्लट-१ लावलं, सगळं निगेटिव्ह. स्लाइडवरच्या लाल रक्तपेशीसुद्धा निगेटिव्ह, आणि तेव्हा कळलं की टेस्टच चाललेली नाही. लाल पेशी रंगल्या नाहीत तर निकाल लिहायचाच नाही, हा आमचा नियम. तुम्ही पॅथॉलॉजिस्टला फोन केलात तर हा एक प्रश्न विचारा: इंटर्नल कंट्रोल (म्हणजे स्लाइडवरच्या लाल पेशी) रंगला होता का?

मग ग्लट-१ वाईट की नाही? लाळग्रंथींच्या कॅन्सरवर यासंबंधी जे अभ्यास झालेत, त्यांत बहुतेक ठिकाणी जास्त ग्रेडच्या (म्हणजे जास्त आक्रमक दिसणाऱ्या), भरीव, मेलेला भाग असलेल्या गाठीत चयापचयाची ही प्रथिनं अधिक दिसतात. लाळग्रंथीतल्या एका निरुपद्रवी गाठीतून, म्हणजे जुन्या प्लिओमॉर्फिक अ‍ॅडिनोमातून कॅन्सर उठतो तेव्हा निरुपद्रवी भाग फिका आणि कॅन्सरचा भाग गडद असंही पाहायला मिळतं. पण लाळग्रंथींचे कॅन्सर मुळात विरळ, वर्षाला लाखात एखादा. त्यात वीसहून जास्त प्रकार. त्यामुळे प्रत्येक अभ्यासात थोड्याच गाठी, प्रत्येकाची अँटिबॉडी वेगळी, 'पॉझिटिव्ह' म्हणायची रेघ वेगळी. कुणी १० टक्क्यांवर ओढतो, कुणी रंगाची तीव्रता आणि पेशींचं प्रमाण यांचा गुणाकार करून ० ते ३०० गुण देतो. ग्रेड आणि स्टेज माहीत असताना ग्लट-१ त्यात आणखी काही भर घालतो, हे अजून भरवशाने सांगता येत नाही. म्हणूनच लाळग्रंथीच्या रिपोर्टमध्ये ते लिहिणं कुठल्याही नेहमीच्या नियमावलीत सक्तीचं नाही. तुमच्या रिपोर्टमध्ये ते का आलं? बहुधा त्या लॅबचं पॅनेल असेल किंवा कुणाचा प्रबंध चालू असेल. मला विचाराल तर ज्या ओळीवरून उपचार बदलत नाहीत ती पेशंटच्या रिपोर्टमध्ये छापू नये. तुमच्या घरात जे झालं ते पाहून तर नक्कीच.

उपचार ज्या ओळींवर ठरतात त्या वरच आहेत: मज्जातंतूभोवती शिरकाव, १ मिलिमीटरचं मार्जिन, भरीव भागाचं प्रमाण (३० टक्क्यांच्या वर गेलं असतं तर ग्रेड ३ झाली असती). पहिल्या दोन ओळींमुळेच रेडिएशन सांगितलंय, आणि ते योग्य आहे. ते टाळू नका. गाठ सॅलिव्हरी डक्ट प्रकारची असती तर मी हर-२ आणि अँड्रोजन रिसेप्टर पाहा म्हणालो असतो, सिक्रेटरी प्रकारची असती तर एनटीआरके जनुकातला बदल, कारण त्यांच्यावर औषधं आहेत. चयापचयाच्या प्रथिनांवर लाळग्रंथीच्या कॅन्सरसाठी असं मान्य औषध आज नाही. मेटफॉर्मिन 'कॅन्सरसाठी' म्हणून कुणी सुचवलं तर, मधुमेह नसेल तर घेऊ नका.

राहिली भावाची शंका: गाठ साखरेवर जगते, मग साखर तोडली तर ती मरणार नाही का? ग्लट-१ हे दार असं आहे की रक्तात साखर थोडी कमी असली तरी ते चालूच राहतं. मेंदूच्या वाहिन्यांवर निसर्गाने हेच दार बसवलंय ते याचसाठी. तुम्ही भात बंद केलात तरी रक्तातली साखर शून्य होत नाही. यकृत ती ७०-१०० मिलिग्रॅमच्या आसपास टिकवून धरतं, आणि त्यासाठी कच्चा माल म्हणून दंडा-मांड्यांचे स्नायू मोडतं. एकट्या मेंदूला दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं. म्हणजे उपाशी राहिलं की गाठीला तिचा वाटा मिळतच राहतो आणि बिल आईंच्या स्नायूंच्या नावे फाटतं. शिवाय गाठ हट्टी नसते; ग्लुकोज नसेल तर ग्लुटामिन (प्रथिनांतला एक घटक), तेही नसेल तर चरबी. ते ५ किलो गाठीचे गेले नाहीत.

रेडिएशनच्या आधी एकदा दातांच्या डॉक्टरांकडे जा. किडलेले दात नंतर काढले तर जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो. आहारतज्ज्ञ त्याच हॉस्पिटलात असतील तर त्यांना वजनाचा आकडा दाखवा. तोंड आल्यावर तिखट, लिंबू, लोणचं बंद. पेज, खिचडी, नाचणीची आंबील चालते.

आणि दुसरं मत हवं असेल तर रिपोर्टची झेरॉक्स पाठवून उपयोग नाही. लॅबकडून मेणाचे ब्लॉक आणि मूळ स्लाइड मागून घ्या. सही करून सहसा मिळतात. नेताना स्लाइड प्लॅस्टिकच्या डबीत, ब्लॉक साध्या पाकिटात. उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत ठेवू नका, मेण मऊ पडतं आणि मग त्या गाठीचा नवीन काप धड निघत नाही.